चुलीपुरता वारा

माझ्या चुलीला कुणी नाव ठेवलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबत्यात, हे आमच्या वस्तीत समद्यांला ठाव हाय. तरीबी कस्तुरा त्या दिशी भर अंगणात हुबी राहून म्हणली, "आक्का, तुझ्या चुलीनं माझ्या घरात नुसता धूर केलाय. कसली चूल घालून दिलीस?" मी जात्यावर बसले व्हते. खुट्यावरचा हात तसाच काढला आन् उठले.

कस्तुरा म्हंजी माझी धाकली जाऊ, चुलत दिराची बायको. आमची घरं शेजारी शेजारी, मधी एक लिंबाचं झाड. आन् मी सरजाबाई. धर्मांतराच्या साली माझ्या पदरात दोन लेकरं व्हती, आता वयाचा हिशोब तुमीच करा. चुली घालायचं काम मी सासूकडून शिकले. वारुळाची माती, भुसकट आन् लीद तीन दिस कालवून ठेवायची, मंग हात लावायचा. आमच्या वस्तीतल्या समद्या चुली माझ्या हातच्या, आन् चारठाण्याकडच्या दोन-चार वस्त्यांतल्याबी. सासू म्हणायची, "पोरी, चुलीत लाकूड जळत न्हाई, वारा जळतो. लाकूड नुसतं निमित्त." म्हून मी चुलीच्या तळाला दोन गोटे बसविते. जळण राखंवर निजलं की धूर, गोट्यावर उचलून धरलं की जाळ. इवढं साधं हाय, पण बायांला घाई असती. त्या चुलीच्या नरड्यात कापसाच्या पऱ्हाट्या कोंबत्यात, आन् वर म्हणत्यात चूल वाईट. नाचता येईना, अंगण वाकडं.

कस्तुराची चूल म्या दिवाळीच्या अंगं घातली व्हती, तिची धाकली लेक कमल बाळंतपणाला यायच्या आधी. तीन म्हैने ती चूल कशी भुरभुर जळत व्हती. तवा कस्तुराच साऱ्या वस्तीला सांगत फिरायची, माझ्या घरात धूरच न्हाई म्हून. आता लगीच चूल वाईट झाली.

माघाचा म्हैना व्हता, बहात्तरच्या दुष्काळानंतरचं तिसरं साल. औंदा कापूस बरा झालता, घरामागं वाळल्या पऱ्हाट्यांच्या गंजी लागल्या व्हत्या, म्हंजी जळण वलं व्हतं असंबी न्हाई. कमलला लेक झाली. नर्सबाईनं येऊन नाळ कापली, नवं पातं आणलं व्हतं तिनं, आन् कमलला सुईबी टोचली. समदं नीट झालं. चार-पाच दिस बरे गेले. मंग गार वारा सुटला, आन् त्याच्या दुसऱ्या दिशीपासून लेकरू खोकायला लागलं.

मी दार लोटून आत गेले तर डोळ्यापुढं काहीच दिसंना. दाराला आतून गोणपाट, फटीत चिंध्या. एकुलती एक खिडकी, तिच्यात बोळे कोंबून वरून माती लिंपलेली. धाब्याच्या घराला वरती साणं असतंय, चुलीच्या डोक्यावर, धूर जायला आन् उजेड यायला. त्याच्यावर पालथं घमेलं घालून कडंनी चिखल लावलेला. बाजंवर कमल, बाजंखाली शेकायला इस्तवाचं खापर, आन् समद्या घरात पांढरा धूर वरपासून बाजंपातुर भरलेला. कमलचे डोळे लालभडक झालते. "मोठी माय, डोकं लय दुखायलंय," ती म्हणली.

लेकरू तिच्या कुशीत व्हतं. म्या वाकून बघितलं. ते थानाला लागायचं, दोन घोट घ्यायचं आन् सोडून द्यायचं. दमच पुरत न्हवता त्याला. नाकपुड्या फुलायच्या, बरगड्या आत जायच्या. खोकलाबी पुरता यायचा न्हाई, नुसता कुई असा आवाज. पाच-सात दिसाचं लेकरू दूध वढंना झालं की पुढं काय व्हतं, हे मला कुणी सांगायची गरज न्हाई.

आधी म्या माझी चूल बघितली, खोटं कशाला बोलू. राख वढली, गोटे जागच्या जागी व्हते. कस्तुरानं कोंबलेल्या अर्ध्या पऱ्हाट्या बाहेर काढल्या, तीनच ठिवल्या, मधी जागा सोडून. फुंकणी घेतली. फुंकलं तवर जाळ उठला. फुंकणं थांबलं की जाळ बसला आन् धूर तोंडातून बाहेर आला. परत फुंकलं, परत तसंच. तवा माझ्या ध्यानात आलं. जाळ माझ्या दमावर जगायला लागला व्हता, त्याच्यासाठी घरात वाराच न्हवता.

"कस्तुरा," मी म्हणले, "चुलीत खोट न्हाई. तू घराचं नाक-तोंड दाबून धरलंयस. साणं उघड."

"न्हाई."

"मंग खिडकी उघड."

"न्हाई म्हणले ना आक्का. बाळंतिणीला वारा लागंल."

आता हे आमच्या लोकांचं बघा. धर्मांतर केलं तवा सटवीची पूजा सोडली, नवस सोडले, अंगारे सोडले, देव्हारा नदीत सोडला. पण बाळंतिणीला वारा लागतो हे भ्या तेवढं कुणी सोडलं न्हाई. ते घरातच राहिलं. आन् कस्तुराचं भ्या तर साधं न्हवतं. तिची थोरली लेक, नर्मदा, सहा वर्साखाली ह्याच घरात, ह्याच बाजंवर बाळंतपणात गेली. लेकरू आधी गेलं, मंग तिची दातखिळी बसली, अंग धनुष्यावाणी वाकलं, आन् ती गेली. सुईण म्हणली, वारा लागला. दवाखान्यातून आलेली बाई येगळंच म्हणली, पण तिचं कोण ऐकतंय. कस्तुरानं वारा धरला तो धरलाच. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकबी फुंकून पितं, तिला मी तरी काय बोलू?

पण बोलले. मला गप बसाया येत न्हाई. म्हणले, "चूल इझीव. भाकरी माझ्या घरून येतील, दोन्ही टायमाला."

"बाळंतिणीच्या घरातला इस्तू इझवायचा नसतो. शेक कशानं देऊ? लेकराला पाणी कशावर तापवू?"

"मंग कमलला माझ्या घरी ने."

"बारा दिसाच्या आत उंबरा वलांडू?"

चारी वाटा तिनं बंद केल्या. आन् मला राग आला. माझा राग असा, की हात आधी चालतो, डोकं मागून येतं. मी बाहेर आले, शिडी लावली, धाब्यावर चढले आन् साण्यावरचं घमेलं वढून काढलं.

वर आभाळ निळं, आन् वारा असा बोचरा की माझा पदर उडाला. तो वारा साण्यातून धपकन खाली पडला. चुलीतला धूर वर यायचा सोडून खालच्या खाली फिरला, घरभर राख झाली. खालून कमल म्हणली, "माय, गार लागायलंय," आन् कस्तुरा दारात येऊन माझ्याकडं बघायली. ती वरडली न्हाई. वरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणली, "आक्का, माझी एक लेक गेली हाय. दुसरीबी न्यायची हाय का तुला?"

म्या घमेलं परत ठिवलं आन् खाली उतरले. ती आत गेली, तिनं धाब्यावर जाऊन चिखल लावायला तिच्या नवऱ्याला, भुजंगभावजीला पाठिवलं. तिचं-माझं बोलणं बंद झालं. साणं उघडलं त्याचा मला पस्तावा न्हाई, आजबी न्हाई. पण नुसतं उघडून भागत न्हाई, हे त्या दिशी कळलं. वारा वरून पडला तर तो माणसाला लागतो, चुलीला न्हाई.

दुसऱ्या दिशी सकाळच्या पारी भावजी माझ्या अंगणात येऊन बसले. भुजंगभावजी म्हंजी मुलखाचा मुका माणूस, चार शब्द बोलायला त्याला घटका लागती. माती कोरीत बसले. मी चहा पुढं केला तर तो बी घेईनात.

"वैनी," म्हणले, "लेकरू रातीपासून दूध वढंना झालंय. ओठ निळे दिसायलेत. जिंतूरच्या दवाखान्यात न्यावं म्हणतो, तर कस्तुरा उंबरा वलांडू देईना. म्हणती, एष्टीतल्या वाऱ्यानं दोघी जातील."

"तुमी बाप्यामाणूस ना घरातले? तुमचं ऐकंना?"

"नर्मदा गेल्यापासून मी तिला कशाला न्हाई म्हणलो न्हाई," ते म्हणले.

माझी चूल समोर जळत व्हती, मी तिच्याकडं बघत राहिले. जाळाला वारा तर पाहिजे. घरात वारा घ्यायचा न्हाई. मंग जाळानं वारा प्यायचा कुठून? आन् मला एकदम दुष्काळी काम आठवलं. तिथं आमी खडी फोडायचो, आन् भावजी लोहारापाशी भाता वढायचे, टिकाव-पहारी शेवटायला, म्हंजी बोथट टोकं तापवून धार लावायला.

"भावजी, लोहाराच्या भट्टीला वारा कुठून यायचा?"

"खालून. भात्यापासून नळी जमिनीतून जाती, ती इस्तवाच्या बुडाला निघती."

"लोहाराला लागायचा का तो वारा?"

भावजीनं जरा इचार केला. "न्हाई. लोहार तर घामानं निथळायचा."

मी चहा तसाच त्यांच्या हातात दिला आन् म्हणले, प्या अन् चला, पहार घ्या. पण मंग मीच थांबले. कस्तुराला न इचारता भिताडाला पहार लावली तर ती आडवी पडंल, आन् तिचं काय चुकलं? म्हून मान खाली घालून आधी तिच्याकडं गेले. माझ्यासारखीला मान खाली घालणं किती जड जातं, हे माझं मलाच ठाव.

ती लेकराला मांडीवर घेऊन बसली व्हती. माझ्याकडं बघितलंबी न्हाई.

"कस्तुरा, मी घरात वारा घ्यायला आले न्हाई," म्या सांगितलं. "मी फकस्त चुलीला वारा देते. भिताडाच्या बाहेरून, जमिनीखालून, सरळ तिच्या पोटात. कमलच्या उशाला तू तेलाचा दिवा लाव. ज्योत हालली की मी माझ्या हातानं भोक बुजविते, आन् परत तुझ्या उंबऱ्यावर पाय ठिवत न्हाई."

लेकराचा कुई कुई आवाज तेवढा येत व्हता. मंग कमलच म्हणली, "माय, करू दे की तिला. माझ्याच्यानं हे ऐकवत न्हाई आता."

कस्तुरा उठली आन् दिव्यात तेल घातलं. मला तेवढं पुरं व्हतं.

भावजीनं परसातून, चुलीच्या मागं, पार जमिनीलगत भिताडात पहार घातली. मूठभर भोक. मी आतून चुलीच्या बुडाखाली नाळ कोरली. माझ्याच हातच्या चुलीला कोरायचं म्हंजी जिवावर आलं, पण कोरली. पन्हाळी कौलं आणली, एक उताणं, त्याच्यावर एक पालथं, अशी जोडीजोडीनं नळी केली आन् सांध्याला वली माती थापली. नळीचं आतलं तोंड दोन्ही गोट्यांच्या मधी काढलं, जळणाच्या बरोबर खाली. बाहेरच्या तोंडावर एक खापर हुबं केलं, मागं-पुढं सरकवायला. मंग दोन गोणपाटं मातीच्या काल्यात बुडवून चुलीच्या भवती वरून खालपातुर टांगली, नुसतं भाकर टाकायपुरतं पुढून मोकळं. म्हंजी वरचा गार वारा पडला तरी त्या कोनाड्यातच पडंल, बाजंकडं जाणार न्हाई. शेवटी भावजी धाब्यावर गेले आन् घमेलं चार बोटं उचलून, वाऱ्याच्या उलट्या अंगाला तोंड करून तीन दगडांवर टेकवलं.

"आता पेटवा," ते वरून म्हणले. इतकं मोठ्यानं बोलताना म्या त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

तीन पऱ्हाट्या लावल्या. परसात जाऊन खापर पुरं बाजूला केलं, भावजीला खाली उतरून तिथंच थांबायला सांगितलं, आन् पळत आत आले. चुलीनं आवाजच केला, भुर्र असा. जाळ तव्याच्या वर गेला, राख उडाली, ठिणग्या गोणपाटावर आल्या. आन् बाजंपाशी दिव्याची ज्योत जराशी थरथरली.

कस्तुरानं ते बघितलं. ती बोळा घेऊन उठलीच.

"थांब," मी म्हणले. "लय झालाय. वाऱ्याचंबी मिठावाणी असतंय, जास्त झाला की वाटोळं. भावजी, खापर पुढं घ्या. अजून. अजून बोटभर. बास."

भुर्र थांबलं. जाळ खाली आला, पिवळा झाला, मंग बुडाशी निळसर. धूर पहिल्यांदा दाट निघाला, पण तो सरळ वर, साण्याकडं. मंग पातळ झाला, आन् मंग तर दिसंचना, नुसती साण्यात ऊन हवा थरथरताना दिसायची. म्या दिव्याकडं बघितलं. ज्योत सरळ व्हती. कस्तुरा बोळा हातात धरून तशीच हुबी, पापणी न लववता तिच्याकडं बघत. मी म्हणले, "फुंकर मारू नको म्हंजी झालं." तिला हसू आलं न्हाई, पण बोळा तिनं खाली ठिवला.

घरातला जुना धूर जायला येळ लागला. चूल आता घरातला वारा खात न्हवती, पण साण्यानं वरच्यावर धूर वढायला सुरवात केली, तसा वरचा थर विरत गेला. आधी आढं दिसलं. मंग फळीवरची भांडी दिसली, भिताडावरचा बाबासाहेबांचा फोटू दिसला. मंग कमलचं तोंड दिसलं, काळंठिक्कर पडलेलं, गालावर पाण्याचे वघळ. म्या बाजंखालचं इस्तवाचं खापर उचलून चुलीपाशी नेलं, म्हणले, ह्याचाबी धूर नको, शेक द्यायचा तर ऊन चिंधीनं द्या. कस्तुरा न्हाई म्हणली न्हाई.

दुपार कलायला आली व्हती. भावजी उंबऱ्यावर बसलेले. लेकरू जरा कुरकुरलं, कमलनं त्याला जवळ घेतलं. ते थानाला लागलं. एक घोट, दोन घोट. आमी समदे तिकडंच बघायलो. आता सोडंल, आता सोडंल. तिसरा घोट, चौथा. मधी थांबलं, नाकानं दम घेतला, आन् परत वढायला लागलं. कमल रडायली आन् हसायली, दोन्ही संगट. "माय, वढायलंय," ती म्हणली, "जोरात वढायलंय." भावजी उठून परसात गेले, खापर नीट हाय का बघतो म्हणले. खापराला काय झालतं? पण जाऊ दिलं.

मला लय बरं वाटलं, खरं सांगते. चुलीपुढं बसून म्या पीठ मळायला घेतलं, कमलला भाकर टाकावी म्हून. लेकरू पीत पीत झोपलं, त्याचं पोट वर-खाली व्हत व्हतं, आवाज न करता. मला वाटलं कस्तुरा आता त्याला घेईल, मुका घेईल. पण ती दिव्यापाशीच बसून व्हती. दिवा इझवायचा बी तिच्या ध्यानात न्हवतं.

"आक्का," ती म्हणली. आवाज इतका बारीक की मला हात थांबवावा लागला.

"काय गं?"

"नर्मदाच्या येळंला असाच धूर झालता. ती म्हणली, माय, डोळे चुरचुरायलेत." तिनं दिव्याची वात पुढं सारली. "म्हून खिडकी उघडली व्हती. म्याच उघडली व्हती, आक्का. मंग तिसऱ्या दिशी तिची दातखिळी बसली."

तवापासून सहा वर्सं आमी शेजारी राहिलो. एका लिंबाखाली बसून दोघींनी हजारदा निवडणं-टिपणं केलं, भांडलो, परत बोललो. हे तिनं कधी सांगितलं न्हवतं. भावजीलाबी न्हाई, मला खात्री हाय. पिठाचे हात तसेच घेऊन मी तिच्यापाशी जाऊन बसले.

"कस्तुरा, माझ्याकडं बघ," मी म्हणले. "नर्मदाला वाऱ्यानं न्हाई नेलं. सुईणीच्या विळ्याला गंज व्हता, त्याचा धनुर्वात झाला. दवाखान्यातली बाई तवाच म्हणली व्हती, माझ्यासमोर म्हणली. तू ऐकायच्या सुदीवर न्हवतीस. तू खिडकी उघडली ते तिचे डोळे चुरचुरत व्हते म्हून. कोणचीबी माय उघडंल."

"खिडकीनं न्हाई?"

"खिडकीनं न्हाई."

ती माझ्याकडं बघत राहिली. डोळ्यातून पाणी चाललं व्हतं, ते पुसायचंबी तिला सुचंना.

"परत एकदा सांग," ती म्हणली.

म्या परत सांगितलं.